वाढून ठेवलेलं पान

जे सांगायला बसलो आहे त्यात माझ्या मोठेपणाचं काही नाही. दत्तमहाराजांच्या कृपेचे अनुभव इतर भक्त सांगतात तेव्हा ऐकून मन भरून येतं. माझा अनुभव सांगताना मात्र मला अजूनही मान खाली घालावी लागते. तरी सांगतो, कारण न सांगणं हाच माझा मूळ अपराध होता.

मी देवरुखच्या शाळेत शिकलो. आमच्या घराण्यातला पहिला बी. ए. मी. मुंबईत सरकारी कचेरीत कारकून झालो, लालबागला चाळीत खोली मिळाली, लग्न झालं. पहिली मुलगी हिरा. बाळंतपण फार अडलं होतं आणि जन्मल्यावर ती बराच वेळ रडली नाही. वर्षाची झाली तरी मान धरीना. हातपाय एकाएकी ताठ व्हायचे, मग सैल पडायचे. बोलणं फुटलं नाही, पण समजायचं सगळं. गॅलरीत आईच्या बांगड्या वाजल्या की ती हसायची. सहा वर्षांची झाली तरी ती गोधडीवर उताणी पडून आढ्याकडे बघत असे. एका डॉक्टरांनी "ही अशीच राहायची" एवढं सांगून पुढच्या रोग्याला हाक मारली होती. त्यानंतर मी कोणाला काही विचारलंच नाही. कचेरीत कोणी मुलाबाळांची चौकशी केली तर म्हणायचो, "अजून काही नाही." हे वाक्य मला इतकं सवयीचं झालं होतं की ते बोलताना जीभ अडखळत नसे.

देवाकडे मात्र मी रोज मागत होतो. आमच्या घरी दत्ताची उपासना, म्हणून मी पोथीचा सप्ताह धरला. महाराज, हिराला पायावर उभं करा, नाहीतर निदान काहीतरी खूण द्या, असं मागणं होतं. पण त्या मागण्याखाली दुसरंही एक होतं, ते आज लिहितो. ती कोणाच्या नजरेस पडू नये, असंही मी मागत होतो.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आमच्या चाळीच्या तळमजल्यावर समितीची खोली होती. सत्याग्रहाला जाणाऱ्यांची नावं, सभांच्या सूचना, तुरुंगात गेलेल्यांच्या घरची विचारपूस, सगळं तिथून चाले. लिहिण्याचं काम माझ्याकडे. चाळीत मला सगळे 'बीएसाहेब' म्हणायचे, कोणी मानाने, कोणी चेष्टेने. एके दिवशी परळच्या काही सेवाभावी बायकांचा निरोप आला. शाळेच्या एका ओसरीत दर शनिवारी त्या एक केंद्र चालवणार होत्या. ज्यांच्या घरी अपंग मूल आहे त्यांनी यावं, कोणत्या दवाखान्यात जावं, कसले व्यायाम करावेत, कोणती शाळा घेईल, हे तिथे सांगितलं जाईल. चाळीचाळींतून अशा मुलांची यादी हवी होती. पहिल्या तुकडीत यादीतल्याच मुलांना घेणार, पुढची तुकडी कधी ते ठरलेलं नव्हतं.

ती यादी मी केली. दारोदार फिरलो, आयांना समजावलं, "यात लाज कसली? नाव सांगा." कोणाचा मुलगा बहिरा, कोणाची मुलगी आंधळी. समोरच्या चाळीतल्या सखूबाईच्या जनूचा पाय तापानंतर वाळला होता. सखूबाई गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती. त्या लोकांनी नुकतीच बुद्धाची दीक्षा घेतली होती, घरातले देव काढून भिंतीवर नवी तसबीर लावली होती. तिच्या उंबऱ्याबाहेर उभं राहूनच मी जनूचं नाव लिहून घेतलं. वळणदार अक्षरात दोन पानं भरली. त्यात हिराचं नाव नव्हतं. मी विसरलो नव्हतो. शेवटच्या ओळीखाली रेघ मारताना माझा हात थांबला होता आणि मी ती मारली होती.

सप्ताहाची सांगता रविवारी आली. आमचे हेडक्लार्क जेवायला येणार होते. सांगतेच्या दिवशी एक पान जास्तीचं वाढून ठेवायचं, महाराज माध्यान्ही कोणत्याही रूपाने भिक्षेला येतात, आलेल्याला परत पाठवायचं नाही, ही आमच्या घरची रीत. मी पान मांडलं, भोवती रांगोळी काढली. आणि मोरीच्या बाजूला दोरीवर लुगडं टाकून त्यामागे हिराला निजवलं. माझी पत्नी इंदू हे सगळं बघत होती.

आरती झाली, साहेब पाटावर बसले आणि दारावर थाप पडली. दारात सखूबाई.

"बीएसाहेब, जरा काम हुतं. त्या यादीत येक नाव ऱ्हायलंय."

ती कोणाचं नाव घेणार ते मला कळलं. दुपारी मी कचेरीत असताना इंदू हिराला घेऊन गॅलरीत बसते आणि सखूबाई गिरणीची पाळी नसेल तेव्हा तिथे येते, हे मला अर्धवट माहीत होतं.

"आत्ता नाही," मी म्हणालो.

"येकच नाव. तुमीच लिवलं तर बरं, म्हून आले."

"यादी समितीच्या खोलीत खिळ्याला आहे. जा आणि लिहा हवं ते. लिहिता येत असेल तर."

साहेब हसले. सखूबाईने एकदा माझ्याकडे, एकदा वाढून ठेवलेल्या पानाकडे पाहिलं. "बरं," म्हणाली आणि गेली. मी दार लोटून घेतलं. संध्याकाळपर्यंत दुसरं कोणी आलं नाही. वरण थिजलं, पुरी वातड झाली. पान उचलताना इंदू एवढंच म्हणाली, "अहो, आलेलं माणूस गेलं."

मी तिच्यावर रागावलो. आदल्याच आठवड्यात कामगार मैदानातल्या सभेत सगळा मराठी माणूस एक आहे या वाक्याला मी हात दुखेपर्यंत टाळ्या दिल्या होत्या.

शनिवारी कचेरी अर्धा दिवस. समितीने मला मदतीला म्हणून परळच्या केंद्रावर पाठवलं. ओसरी माणसांनी भरली होती. एक वयस्कर पारशी बाई टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी यादी माझ्या हातात दिली. "मास्टर, तू वाच नी. मराठी बोलते मी, पण वाचायला नाय जमत."

मी वाचू लागलो. नाव पुकारलं की आईबाप मूल घेऊन पुढे येत. जनूच्या नावाला कोणी आलं नाही. दुसऱ्या पानाच्या तळाशी आलो. माझ्या रेघेखाली पेन्सिलीने एक ओळ लिहिली होती. मोठी, वाकडीतिकडी अक्षरं, एकेक दाबून काढलेलं. हिरा, वय सहा, पुढे माझं पूर्ण नाव. रात्रीच्या वर्गात शिकलेला तो सखूबाईचा हात होता.

वाचलं असतं तर तिथेच माझी लपवाछपवी संपली असती. मी कागदाची घडी घातली.

"बस? खलास?" बाईंनी विचारलं.

"बस."

"न्हाय," मागून आवाज आला. "बीएसाहेब, येक नाव ऱ्हायलंय."

मी वळलो. गिरणीतून पाळी संपवून तशीच आलेली सखूबाई उभी होती, केसांत कापसाचे तंतू. तिच्या कडेवर हिरा, शेजारी जनूचा हात धरून इंदू. इंदूने पदर घट्ट धरला होता, पण ती माझ्याकडे सरळ बघत होती. सखूबाईच्या आवाजात राग नव्हता. रविवारचेच शब्द ती तसेच पुन्हा बोलली होती, भिक्षेला आलेलं माणूस दुसऱ्यांदा हाक मारतं तसे.

तेव्हा मला ते पान दिसलं. रांगोळीतलं, थिजलेलं. मी सात दिवस ज्याची वाट पाहिली तो कोण, आणि मी कोणाला दारातून घालवलं, ते मला तिथे उभ्याउभ्या कळलं. कोणी याला योगायोग म्हणेल. मी वाद घालणार नाही. मी कागद उघडला आणि वाचलं, "हिरा." पुढे माझं पूर्ण नावही वाचलं.

बाईंनी हिराला तपासलं, मग विचारलं, "हिला आडवी कशाला ठेवते?"

इंदू म्हणाली, "बसता येत नाही तिला."

"कोण बोलला? बसवून पाहिला का कोणी?" त्यांनी हिराला ओसरीच्या कोपऱ्यात बसवलं, दोन्ही खांद्यांना भिंती, मांड्यांमध्ये गुंडाळलेली चादर, पुढ्यात उलटं खोकं आणि त्यावर तिचे हात. "चहाचा खोका आण, सुतार समोरून कापून देईल. घरी रोज असाच बसव."

हिराची मान आधी पुढे पडली, बाजूला गेली, मग थरथरत वर आली. मी समोर गुडघ्यांवर बसलो होतो. सहा वर्षांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे समोरून पाहिलं आणि ती हसली. सात दिवस पोथीपुढे बसून जे दर्शन मागत होतो ते असं झालं. एवढीशी माहिती हवी होती, आणि ती मिळायला माझ्या मुलीला सहा वर्षं आढ्याकडे बघावं लागलं, कारण तिच्या शिकलेल्या बापाला विचारायची लाज वाटत होती.

पुढच्या गुरुवारी मी ताट वाढून समोरच्या चाळीत गेलो. क्षमा मागायची वाक्यं पाठ केली होती, त्यातलं एकही आठवलं नाही.

सखूबाईने ताटावरचा रुमाल उचलून बघितलं. "त्या दिशी वाढलं असतंत तर गरम भेटलं असतं," ती म्हणाली. "आता उंबऱ्यात हुबं ऱ्हाऊ नका. आत या, आदी चा घ्या."

मी आत गेलो आणि तिच्या हातचा चहा घेतला. म्हणजे शेवटी वाढलं तिनेच, आणि भिक्षा मला मिळाली.

हिरा चालली नाही. तेही सांगून टाकतो, कारण कृपेच्या गोष्टीत लोक त्याची वाट बघतात. केंद्राच्या याद्या पुढे कितीतरी वर्षं मी लिहिल्या, आणि नवं पान घेतलं की पहिल्या ओळीत हिराचंच नाव लिहीत आलो. महाराजांना शरण जाणं म्हणजे पादुकांवर डोकं टेकणं, असं मी समजत होतो. माझ्या बाबतीत ते चार माणसांत एक नाव मोठ्याने वाचणं होतं, आणि तेही मला दुसऱ्याने सांगावं लागलं.

माध्यान्ही आमचं दार आता उघडं असतं. हिराचं आसन दारासमोरच ठेवलेलं आहे. गॅलरीत कोणाची पावलं वाजली की कोण आलं ते आधी ती बघते, आणि हसते. मग आम्ही पान वाढतो.