रेशमाचे टाके

पडदा वर जातो तेव्हा थायलंडच्या इसान भागातलं खांबांवर उभं घर दिसतं. घराखाली हातमागाशेजारी दाओ नावाचा पाळीव अजगर निपचित पडला आहे. भातकापणीच्या यंत्राने त्याची कूस फाडली आहे आणि बुनरुआन आजी सुईत रेशीम ओवते आहे.

"अगं, तो अजगर आहे, कापड नव्हे!" नवरा थोंगखाम ओरडला.

"कापड असतं तर तुम्हालाच दिलं असतं शिवायला. तोंड धरा त्याचं!"

विणकरणीच्या बारीक गाठी मारून तिने जखम मिटवली. पण दाओने खाणं सोडलं. दोन महिने त्याने उंदराकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"आजी, आता चपला शिवा त्याच्या," शेजारीण खामपेंग म्हणायची.

"तुझ्या जिभेच्या मापाच्या शिवते," आजी म्हणायची.

मग एका सकाळी दाओने कात टाकली. ती अखंड निघाली आणि रेशमाचे टाकेही तिच्याबरोबर सुटून आले. खालची कूस भरून आली होती. आजीने उंदीर पुढे केला. दाओने झडप घातली! कात बघायला जमलेल्या गावाने टाळ्यांचा कडकडाट केला, तशी आजीने डोळे पुसत हात वर केला.

"गप्प बसा रे मेल्यांनो, पोराला आधी जेवू द्या!"