मूळ दातांची गाडी

पाना या जगात कशी तगणार, हा घोर आईच्या मनातून जाता जात नव्हता. भाजी चिरताना तो सोबत असायचा आणि कूस बदलली तरी तिकडे आधीच येऊन बसलेला असायचा.

पाना म्हणजे तिची धाकटी लेक. बाहुल्यांशी खेळायच्या वयात ही पोर हातात पाना घेऊन सायकली खोलत बसायची, म्हणून घरात तेच नाव चिकटलं. पुढे शिकली आणि विमा कंपनीत लागली. तिथे अपघातातल्या गाड्या तपासायच्या, मालकाने काय काय लपवलंय ते हुडकून काढायचं, हेच काम. त्या लपवाछपवीचा तिला इतका वीट आला की एक दिवस राजीनामा देऊन मोकळी झाली. गावाबाहेर पत्र्याची शेड भाड्याने घेतली आणि गुरांच्या एका डॉक्टरांच्या पश्चात त्यांच्या घरी धूळ खात पडलेली जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप विकत आणली. वर्षभर त्या गाडीपायी खपली.

"ही विकली गेली तर दुसरी घेईन. नाही गेली तर निमूट नोकरीवर परत," असं तिनेच जाहीर करून टाकलं होतं.

हे ऐकून आईला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण तिने लेकीला शेडमध्ये पाहिलं होतं. कोपरापर्यंत ग्रीस, कपाळावर काळा फराटा आणि ओठांवर शिट्टी. नोकरीच्या एवढ्या वर्षांत या मुलीने कधी शिट्टी वाजवली नव्हती.

अडचण गाडीत नव्हती, पानाच्या जिभेत होती. गिऱ्हाईक आलं की ही त्याला आधी गाडीची सगळ्यात वाईट जागा दाखवायची. इथे गंज होता, हे मूळचं नाही, हे गळतं, ते खडखडतं. लग्नाच्या बोलणीतही तिने हेच केलं होतं. मुलाकडच्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला नाही तोच, "मी घोरते. हळू नाही, चांगली मोठ्याने," असं सांगून बसली. ते लोक गेले ते गेलेच. गाडीची गिऱ्हाइकंही त्याच वाटेने जात होती.

"ताई, तुझी लेक गाडी विकायला बसलीय की साक्ष द्यायला?" मामा हसून लोटपोट व्हायचा. "बोलणाऱ्याचा भुसा विकला जातो आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, असं म्हणतात. ही बोलते तर भरपूर, पण गव्हालाच भुसा म्हणते!"

अशातच दातांच्या एका डॉक्टरांचा फोन आला. रविवारी गाडी बघायला येतो म्हणाले.

"मी पण येणार," आई म्हणाली.

"ये. पण एक अक्षर बोलायचं नाही."

"मी कधी मध्ये बोलते?"



डॉक्टर वेळेवर आले. अंगाने काटकुळे, खिशात छोटी बॅटरी, हातात लोहचुंबक. नमस्कार झाला न झाला तोच ते बॉनेटखाली डोकावले, थेट पेशंटच्या जबड्यात डोकावावं तसे. चेहऱ्यावर सुरकुतीही हलेना. आईला तो अबोला सोसवेना. माणूस लांबून आलाय, दोन शब्द कौतुकाचे नकोत? पाना हात पुसायला आत वळली तेवढ्यात आईने संधी साधली.

"वर्षभर राबलीय हो पोरगी! सगळं अगदी नवंकोरं करून टाकलंय!"

डॉक्टरांनी बॅटरी विझवली.

"सगळं नवं?"

"सगळं!" आई अभिमानाने म्हणाली.

"मग माझी फेरी फुकट गेली. बाई, मला मूळ दात हवे होते. कवळ्या रोज बघतो मी."

ते त्यांच्या गाडीकडे चालूही लागले. आईच्या तोंडचं पाणी पळालं. तिच्या जगात नवं म्हणजे चांगलं. या धंद्यात नवं म्हणजे शिवी, हे तिला कुणी सांगायचं? पाना फडकं हातात घेऊन दारात उभी होती. तिने आईकडे रागाने पाहिलंसुद्धा नाही, आणि तेच आईला जास्त लागलं.

"डॉक्टर," पाना जागेवरूनच म्हणाली, "दोन दात खोटे आहेत. मागचं दार दुसऱ्या गाडीचं आहे आणि डायनॅमो मी बदललाय. बाकीचे मूळचे नसले तर मी ही गाडी विकणारच नाही."

डॉक्टर थांबले. "आणि आई काय म्हणतात?"

"आई माझ्या दहावीच्या मार्कांबद्दलही असंच सांगते."

डॉक्टरांच्या ओठाचा एक कोपरा हलला. ते परत आले.

मग तपासणी सुरू झाली. पानाने सीट काढून खालचा मूळचा फिकट हिरवा रंग दाखवला. इंजिनावर ठोकलेला नंबर आणि कागदांवरचा नंबर एकच निघाला. डॉक्टरांनी दारांवर, मडगार्डवर, तळाच्या पत्र्यावर चुंबक फिरवलं. पुट्टी भरलेली असती तर ते निसटलं असतं. ते जिथे तिथे टक्कन चिकटलं. प्रत्येक 'टक्क'सरशी आईचा जीव जरासा भांड्यात पडत होता.

"दात उत्तम," डॉक्टर म्हणाले. "चावतात का?"

"चला, दाखवते."

शेडमागे बंद पडलेली दगडाची खाण होती, सुट्या खडीचा उभा चढ. डॉक्टर पुढे बसले. आई मागे चढली.

"तू कशाला?" पाना ओरडली.

"तुझ्याबरोबर कुणीतरी नको का!"

अर्ध्या चढावर पानाने गाडी मुद्दामच थांबवली. पुन्हा निघाली तेव्हा मागची चाकं जागच्या जागी गरगरली, खडी उडाली, गाडी हातभर खाली घसरली. आईने पुढच्या सीटची पाठ समजून डॉक्टरांची मान घट्ट धरली.

"झालं! संपलं! पाना, मला उतरव!"

पानाने ब्रेक दाबून गिअरशेजारचा, चारही चाकांना जोर देणारा आखूड दांडा पुढे ढकलला आणि सावकाश क्लच सोडला. गाडी किंचित थरथरली आणि पुढच्या चाकांनी जमीन पकडली. मग ती वर निघाली. झटका नाही, आक्रस्ताळेपणा नाही. भरल्या पोटाच्या म्हशीसारखी एकेक पाऊल टाकत निघाली. डाव्या चाकाखाली धोंडा आला, तोही तिने पोटाखाली घातला.

"चल गं माझी बाय!" आई किंचाळली. गाडीला म्हणाली की लेकीला, तिचं तिलाच कळलं नाही. "अजून वर! थांबू नकोस!"

माथ्यावर पानाने इंजिन बंद केलं. डॉक्टरांनी मान चोळत खालचा चढ पाहिला.

"किंमत तुम्ही सांगितली तीच," ते म्हणाले. "यात घासाघीस करणं मला शोभणार नाही. आणि पुढची गाडी आणाल तेव्हा पहिला फोन मला. माझे दोन मित्र आहेत, माझ्यासारखेच वेडे."

उतरताना पानाने शिट्टी धरली ती खाली शेडपर्यंत थांबली नाही. संध्याकाळी मामाला बातमी कळली. "भुसा काय भाव गेला रे?" आईने मुद्दाम विचारलं.

जेवताना पाना म्हणाली, "आई, आता खरी पंचाईत. गिऱ्हाईक तयार आहे, गाडी कुठून आणू?"

आईचा घास हातातच राहिला. तिला स्वतःची कॉलेजातली जिवलग मैत्रीण आठवली. तिच्या सासऱ्यांची अशीच एक जीप घरामागे ताडपत्रीखाली उभी होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. पण त्या मैत्रिणीची मुलं सगळी मोठमोठ्या हुद्द्यांवर, आणि तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "तुझी धाकटी सध्या काय करते?" तेवढ्यासाठी आईने तिला फोन करणंच टाळलं होतं.

हात धुऊन ती फोनपाशी आली. जीपचं विचारायचं होतंच, पण आज मैत्रिणीने आधी तोच प्रश्न विचारावा, असं तिला वाटत होतं.