‘जाते’ म्हणायचं नाही!

“रतनवाडीला मोबाईलची रेंज जाते.” कुणीतरी सहज बोललेल्या या वाक्याने माझी आठवडाभराची झोप घालवली.

खरं तर संगमनेरहून तिथल्या अमृतेश्वराच्या देवळाला जायचं म्हणजे एका दिवसाचं काम. सकाळी निघा, अकोले, राजूर, मग भंडारदरा धरणाला वळसा घालून रतनवाडी, दर्शन, दिवेलागणीला घरी. पण आमच्याकडे निघायच्या आधीच इतके किस्से साठलेत, की नातेवाईक फोनवर “जाऊन आलात का?” असं विचारतच नाहीत. “नवीन काय?” असं विचारतात!

याला कारण मी. आणि माझं कारण सई, वय वर्षं चार. मागच्या थंडीत तिला तापात झटका आला. दोनच मिनिटं. सचिनने, म्हणजे नवऱ्याने, तिला कुशीवर वळवलं. सासूबाईंचं माहेर राजूरकडचं, त्या तिथल्या तिथे अमृतेश्वराला बोलल्या, “पोरीला पायावर घालीन.” आणि मी, कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारी बाई, आमटीची पळी हातात धरून उभी राहिले. नुसती उभी. ती पळी अजून माझ्या हातातून सुटलेली नाही.

*

नवस फेडायचं ठरल्यावर पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेले. बेत ठरायची ही चौथी वेळ, म्हणून चौथ्यांदा पहिल्यांदा!

“डॉक्टर, घाटात झटका आला तर?”

“घरात आल्यावर जे करायचं तेच. कुशीवर झोपवा, घड्याळ बघा, मी दिलेलं औषध जवळ ठेवा. पण ती ठणठणीत आहे. खुशाल जा.”

“आणि मीच घाबरले तर?”

डॉक्टरांनी चष्मा काढून सचिनकडे बघितलं. “घड्याळ तुम्ही बांधा.”

*

मग देवळाजवळ जेवण करून देणाऱ्या मावशींना फोन लावला. रेंज जाते-येते, त्यामुळे लागला तो तिसऱ्या दिवशी.

“मावशी, धरणाच्या कडेचा रस्ता कसाय?”

“चांगला हाय की! कालच एक गाडी गेली.”

“गेली? कुठे?”

“खाली.”

“अरे देवा! किती माणसं होती?”

“धा-बारा आसतील. ल्हान पोरंबी हुती.”

मी खाली बसले. “मग?”

“मग काय? देवळापाशी उतरली, जेवली! लई जेवली. मला दुसऱ्यांदा भात टाकावा लागला!”

*

त्या दिवसापासून ‘जाणे’ या क्रियापदाचीच मला धास्ती बसली. मराठीत लाईट जाते, रेंज जाते, गाडी जाते आणि माणूसही जातो. म्हणून तर आपल्याकडे घराबाहेर पडताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. वर्गात मी पुराव्याशिवाय काही मानत नाही. घरी मात्र सईला सकाळ-संध्याकाळ घोकवायला लागले, “जाते नाही, येते म्हणावं.”

“पण मी तर जातेय!”

“तरी येते म्हणायचं.”

“का?”

“म्हणजे आपण परत येतो.”

“आणि जाते म्हटलं तर?”

एम.एस्सी. फर्स्ट क्लास. म्हणाले, “दूध पी आधी!”

*

गाडी भाऊसाहेबांची. आमच्याच गल्लीतले, घाटात बावीस वर्षं गाडी चालवलेले. मी त्यांना एकच अट घातली. वीसच्या वर काटा जाता कामा नये.

“वीस?” त्यांनी टोपी मागे सारली. “चालंल की ताई. फक्त सईच्या लग्नाची साडी संगं घ्या. पोचेस्तोवर तिचं वय हुईल!”

तरी मी रंगीत तालीम घ्यायला लावलीच. चंदनापुरीचा घाट आम्हाला जवळ. रविवारी आम्ही तिघं गाडीत बसलो. सासूबाईंचे गुडघे दुखत होते, त्या दारात उभ्या राहिल्या. गाडी अजून सुरूही झाली नव्हती, तेवढ्यात सईने खिडकीतून मान बाहेर काढली.

“आजी, येते!”

मला भरून आलं. शिकली माझी बाई! सासूबाईंनीही पदर डोळ्याला लावला. “ये गं माझी सोन्या.”

“नाही गं आजी,” सई म्हणाली, “उलटी येते!”

*

निघायच्या आदल्या दिवशी मी बॅग भरली. दोन थर्मामीटर, पाच टॉवेल, तापाचं औषध, त्याच औषधाची दुसरी बाटली, वाटेतल्या दवाखान्यांचे नंबर कागदावर, कारण मोबाईलचा भरवसा नाही. सासूबाईंनी एकेक वस्तू काढून पलंगावर मांडली. मग शांतपणे विचारलं, “नारळ कुठंय?”

मी रिकाम्या बॅगेत हात घालून पाहिला.

“का देवापुढं थर्मामीटर फोडायचाय?”

*

आणि आज सकाळी.

उठल्या उठल्या सईच्या कपाळाला हात लावला. गरम! थर्मामीटर लावला, नॉर्मल. दुसरा लावला, तोही नॉर्मल. परत हात लावला, गरमच!

“आई, आज राहू द्या. अंगात कसर आहे तिच्या.”

सासूबाईंनी सईचं कपाळ बघितलं. मग माझा हात हातात घेतला. “तिचं कपाळ गरम नाही गं. तुझा हात गार पडलाय.”

शेवटी गाडीत बसले. मांडीवर सई, शेजारी नारळ घेऊन सासूबाई, पुढे घड्याळ बांधलेला सचिन. भाऊसाहेबांनी चावी फिरवली. समोरच्या काकू फाटकाशी आल्या. “निघालात का?”

मी हात हलवला. आणि महिनाभर जे होऊ नये म्हणून जपलं, तेच तोंडातून निघून गेलं.

“हो काकू, जाते!”

भाऊसाहेबांनी गाडी बंद केली. सासूबाईंनी डोळे मिटले. काकूंचा हात तसाच हवेत राहिला. सचिनने, का कोण जाणे, घड्याळाकडे बघितलं.

सईने वळून माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. माझ्या गार हातावर आपला इवलासा हात ठेवला आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली,

“बरं. तू जा. आम्ही येतो.”