हमीदाची इटालियन बदाम बिस्किटं

हमीदा आज सकाळी गेली.

“कोण हमीदा?” असं विचारणाऱ्यांनी आधी आपल्या पोटाला विचारावं. दर दिवाळीला कुवेतमधल्या मंगफच्या आमच्या बिल्डिंगमध्ये डबे रिकामे करताना बरी आठवायची!

मी बोलतेय, नात या ग्रुपवर टाइप करतेय. मला टाइप करता येत नाही, त्यामुळे चुका सगळ्या तिच्या.

हमीदा रत्नागिरीकडची. नवरा अर्दियाला गोदामात कामाला. ही सलवाला एका इटालियन मॅडमकडे स्वयंपाक करायची, तिथे ही बिस्किटं शिकली.

नाव अमारेत्ती. मी अमृती म्हणायचे. ती हसायची.

इराकबरोबरचं नव्वद सालचं युद्ध संपून माणसं पुन्हा स्थिरावली होती. त्या दिवाळीला बायकांनी फराळासोबत हिच्या बिस्किटांचीही ऑर्डर दिली. बॉक्स भरायला सगळ्या आमच्या हॉलमध्ये.

हिने डबा उघडला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी थबकल्या. त्या नवऱ्याबरोबर इटलीला जाऊन आलेल्या.

“हा smell मला माहितीये. तिकडे बदामाची दारू मिळते, अमारेत्तो. सेम हाच!”

हॉल एकदम गार.

कुवेतमध्ये दारू म्हणजे चेष्टा नाही. ही गोष्ट नवऱ्याच्या कफीलपर्यंत, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकापर्यंत गेली असती, तर त्याची नोकरी गेली, इकामा, म्हणजे राहायचा परवाना गेला, लेकीची शाळा गेली. दुसऱ्याच आठवड्यात सगळं कुटुंब विमानात.

हमीदा पांढरी पडली. “अल्लाशप्पत, दारू नाय! जर्दाळूच्या बीमधला कडू गर हाय. त्याचाच वास.”

कुणी बिस्किटाला हातही लावेना.

मग मी उठले. माझं सोवळं अख्ख्या बिल्डिंगला पाठ. माझ्यासाठी केकसुद्धा वेगळा यायचा.

“मी खाते. मग तर खाल?”

सगळ्यांनी माना हलवल्या. मी खाल्लं की विषय संपला.

मी तिला बदाम कुटताना पाहिलं होतं, साखर घालताना पाहिलं होतं. बदाम आणि साखर, म्हणजे आपली बर्फीच की, भट्टीत भाजलेली! असा माझा हिशेब.

बिस्किट ओठापर्यंत नेलं, आणि हमीदाने माझा हात धरला. घट्ट.

“मावशी, नको! अंडा हाय त्यात. तुमाला चालत नाय.”

ऑर्डर देणाऱ्या सगळ्यांना तिने ते आधीच सांगितलं होतं. मी कुठे ऑर्डर दिली होती? मला कोण सांगणार!

पण बघा. माझ्या एका घासात तिचा संसार वाचत होता. गप्प बसली असती तर कुणाला कळलं असतं?

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मग तिच्याकडे. मग पुढे येऊन माझ्या हातातलं बिस्किट घेतलं आणि खाल्लं.

“सॉरी हमीदा,” म्हणाल्या. “माझे दोन बॉक्स जास्त कर.”

सगळ्या गेल्यावर मी म्हटलं, “हमीदा, धर्म वाचवलास गं माझा.”

“तुमचा नाय मावशी, माझा जीव वाचवला. तुमी जन्मभर टोमणे मारून खाल्लं असतं मला.”

बरोबर ओळखलं होतं बाईने.

पुढे कितीतरी वर्षं तिचे बॉक्स सलवापर्यंत गेले. मी एकही बिस्किट चाखलं नाही, पण चांगली आहेत असं सगळ्यांना छातीठोक सांगत राहिले. आजही सांगते.

जा बाई हमीदा, सुखाने जा. तुझ्यासारखी शेजारीण मला पुन्हा मिळायची नाही.

आणि बाकीच्यांनो, तिच्या लेकीला फोन करून रडत बसू नका. त्या घरात आज चूल पेटायची नाही, जेवण पाठवा.

भात आणि मुगाचं वरण माझ्याकडून गेलंय. सुरमई कुणीतरी तळून पाठवा, ताजी बघून. कोकणातली माणसं आहेत ती, नुसत्या माझ्या वरणावर त्यांना घास उतरायचा नाही.