हरकतनाही आणि कालव्यावरचा पायपूल

कालव्यावरचा पायपूल अलीकडच्या काठाला जिथे संपतो, तिथेच एक सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, तर पत्र्याचं छप्पर, हवेचा पंप, पाण्याचं घमेलं आणि खिळ्यांना टांगलेली चाकं. दुकानदाराचं खरं नाव कोणाला फारसं ठाऊक नाही. सगळे त्याला हरकतनाही म्हणतात. कारण साधं आहे. "संध्याकाळपर्यंत होईल का?" "हरकत नाही." "पैसे उद्या दिले तर?" "हरकत नाही." एकदा एका पोराने त्याच्या अंगठ्यावरून सायकल नेली आणि घाबरून माफी मागितली, तर गडी अंगठा हातात धरून कळवळत म्हणाला, "हरकत नाही." आता बोला.

त्याची दुसरी खोड चौकसपणाची. बंद डबी दिसली की उघडायची, फिरणारी वस्तू दिसली की ती कशाने फिरते ते बघायचं. लग्नात आलेलं घड्याळ त्याने पहिल्याच आठवड्यात खोलून ठेवलं. बायको म्हणाली, "बरं झालं, वेळ कळली असती तर तुम्ही जेवायला वेळेवर आला असता."

आणि त्याला एक ताई होती. आई गेल्यावर तिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत ढकललं, पुढे कामाला लावलं. ती कालव्यापलीकडे एका खोलीत एकटी राहायची. गुडघे पार गेलेले, पण रोज दुपारी काठी टेकत पूल ओलांडून दुकानात यायची, खुर्चीत बसून गिऱ्हाइकांची उलटतपासणी घ्यायची आणि उजेड असताना परत जायची. "दिवसभराचं बोलणं मी इथेच बोलते," ती म्हणायची. "तिकडच्या भिंतींना माझं सगळं पाठ झालंय."

तर अशात नगरपालिकेची सूचना लागली. पायपूल जुना झाला, तो कायमचा बंद करायचा आहे, कोणाची हरकत असल्यास सुनावणीला यावं. मोठ्या रस्त्याच्या पुलावरून वळसा घातला तर ताईच्या गुडघ्यांना तो झेपणारा नव्हता. म्हणजे पूल गेला की ताईचं येणं गेलं. हरकतनाहीने ठेवणीतला शर्ट काढला आणि तो सभागृहात जाऊन बसला.

नाव पुकारलं. हा उठला. अध्यक्षांनी वर न बघता विचारलं, "हं, तुमची हरकत?"

आता एवढी वर्षं जिभेला वळण लागलेलं. हा अदबीने म्हणाला, "हरकत नाही साहेब, सांगतो ना."

"हरकत नाही," अध्यक्ष कारकुनाला म्हणाले. "घ्या लिहून. पुढचे?"

पुढचे कोणी नव्हतेच. ह्याला वाटलं, आधी हजेरी घेताहेत, बोलायला मागाहून बोलावतील. तो हात बांधून उभा राहिला, तेवढ्यात पूल बंद करायच्या ठरावाला नगरसेवकांचे हात वर झाले, खाली आले आणि पंखे बंद झाले.

घरी बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, आयुष्यात एकदाच हरकत घ्यायची होती, तीही जमली नाही?" दुसऱ्या दिवशी दुकानात ताईला मात्र ते ऐकून हसू आवरेना. हसून झाल्यावर ती म्हणाली, "मग आता मी दुपारचं काय करू रे?"

दुसरा कोणी असता तर तोंड लपवून बसला असता. ह्याला मात्र वेगळाच भुंगा लागला. झालेला निर्णय उघडून बघता येतो की नाही? तो सरळ त्याच कारकुनापुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, निर्णय फ्रीव्हीलसारखा असतो का? पुढे चाक फिरवतो, मागे नुसतीच टिकटिक?"

कारकुनाने चष्मा काढला. इतक्या वर्षांत त्याला असं कोणी विचारलं नव्हतं. "बसा काका. तुमचं बोलणं चुकीचं लिहिलं गेलं, ते पुढच्या सभेत दुरुस्त करून मिळेल. पण तेवढ्याने निर्णय हलत नाही."

"मग कशाने हलतो?"

"लोकांच्या सह्यांचा अर्ज देता येतो, सभेत प्रश्न विचारता येतो. कोर्टातही जाता येतं, पण कोर्ट बघणार ते काम रीतसर झालं की नाही एवढंच. पूल असावा की नसावा, ते कोर्ट सांगणार नाही."

"मग ते कोण बघतं?"

"छाननी समिती. निर्णय झाला तरी थोडे दिवस तो नुसता पडून असतो. तेवढ्यात तीन नगरसेवकांनी मागणी केली की तो समितीपुढे परत येतो."

"आणि समिती मोडते?"

"मोडत नाही. पुन्हा विचार करा, एवढंच म्हणते."

"पुन्हा तेच ठरवलं तर?"

"तर तेच."

"मग साहेब, उपयोग काय?"

"उपयोग असा," कारकून हसला, "की न बघता एकदा हात वर करणं सोपं असतं. सगळ्यांदेखत दुसऱ्यांदा करणं जड जातं."

हे ऐकून हरकतनाही असा खूश झाला, जणू एखादं नवं मशीन आतून बघायला मिळालं.

विरोधी बाकावरच्या एका नगरसेविकाबाईंची सायकल त्याच्याकडेच येई. त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला आणि आपल्या बाजूचा आणखी एकजण मिळवला. तिसरा काही मिळेना. उरलेले सगळे सत्ताधारी, आणि त्या सगळ्यांनी पूल बंद करायला हात वर केलेला. त्यांत एक निवृत्त ड्रिलमास्तर होते. हा त्यांच्याच दारात गेला.

"मास्तर, तुम्ही हात का वर केलात?"

"कोणाची हरकत नव्हती म्हणून."

"माझी होती."

"तू तर नाही म्हणालास. मी कानांनी ऐकलं."

"ते मी 'सांगतो' अशा अर्थाने म्हणालो."

मास्तरांच्या मिशा हलायला लागल्या. "अरे गाढवा, म्हणजे मी तुझ्या सवयीला मत दिलं?"

"पक्ष रागावेल का हो?"

"रागावू दे. मी पूल ठेवा म्हणत नाही, परत बघा म्हणतोय. मुलांना 'मागे फिर' शिकवण्यात जन्म गेला माझा." आणि त्यांनी सही ठोकली.

छाननी समितीपुढे ताई स्वतः गेली. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "आजी, मोठ्या पुलावरून येता येणार नाही का?"

"येईन की. आज निघाले तर उद्या पोचेन."

सभागृह हसलं. अभियंत्याने उठून सांगितलं की पुलाच्या मधल्या फळ्या कुजल्या आहेत, कोणी पडलं तर जबाबदारी कोणाची? ताईने मान हलवली. "खरंय त्यांचं. मी तिथे कठडा धरून, पाय लांब टाकून जाते. पण फळ्या कुजल्यात तर फळ्या बदला की. माझे गुडघे बदलता येत नाहीत."

"फळ्या बदलून भागेल?" अध्यक्षांनी अभियंत्याला विचारलं.

"भागेल. मला कोणी तसं विचारलंच नव्हतं. बंद करायला काय लागेल, एवढंच विचारलं होतं."

समितीने प्रकरण पुन्हा विचाराला पाठवलं. पुढच्या सभेत ठराव फिरला: पूल दुरुस्त करायचा आणि तोवर बंद ठेवायचा. मास्तरांचा हात सगळ्यांत आधी वर गेला. पक्षातले दोघे-तिघे त्यांच्याशी अजूनही धड बोलत नाहीत.

काम सुरू झालं. पुलाच्या दोन्ही टोकांना बांबू आडवे बांधले. पहिल्या दुपारी खुर्ची रिकामी बघून हरकतनाहीचा पाना दोनदा हातातून निसटला. शेवटी त्याने गिऱ्हाइकांना उद्या यायला सांगितलं, सायकल काढली आणि मोठ्या रस्त्याने वळसा घालून घामाघूम होत पलीकडे पोचला.

ताईने दार उघडलं. "भर दुपारी दुकान सोडून? असा कधी आला नव्हतास."

"फळ्या बसेपर्यंत रोज येतो."

"ये की. बस. पाणी देते, आणि मग सांग, ते कुजलेल्या फळ्या खालून सोडवतात की वरून? इथून नुसता ठोकठोक आवाज येतो, दिसत काही नाही."

"तेच बघत उभा होतो, म्हणून तर उशीर झाला," तो म्हणाला आणि बोटांनी हवेत फळी धरून दाखवू लागला.