मुका मुकादम

आता माझी फजिती मीच माझ्या तोंडानं सांगतो. हसायचं तर खुशाल हसा!

निजामाच्या राज्यात मी उस्मानाबादेत कापसाच्या जिनिंगवर मुकादम होतो. मालक वीरभद्रप्पा शेठ. एकदा ते म्हणाले, "मुकादम, उद्या येरमाळ्याहून काशिनाथ येईल. जन्माचा मुका-बहिरा, पण इंजिनाला नुसता हात लावून बिघाड ओळखतो. कामावर घ्या."

"बहिऱ्याला? इंजिनापाशी?"

"इंजिनापाशी तुम्हाला तरी काय ऐकू येतं हो?"



दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात एक धोतरवाले गृहस्थ उभे. ते तोंड उघडायच्या आत मी सुरू! हात गरगर फिरवले, म्हणजे इंजिन. पोटावर थापटी मारली, म्हणजे जेवणाची सुट्टी. गालाखाली हात घेऊन डोळे मिटले आणि बोट हलवलं, म्हणजे झोपायचं न्हाय! गृहस्थ आधी दचकले, मग लई मायेनं बघायला लागले. तेही हातवारे करू लागले. काय समजूतदार माणूस! खूश होऊन मी त्यांच्या हातात तेलाची बुधली दिली.

तेवढ्यात शेठ धावत आले. "या या, रावसाहेब! बार्शीहून कधी निघालात?"

मेलो! बार्शीचे गिरणीवाले! आमचा निम्मा कापूस घेणारे!

रावसाहेब धोतरावरचं तेल पुसत म्हणाले, "शेठ, कमाल केलीत. मुका माणूस मुकादम नेमलात! आणि किती छान समजावतो!"

शेठनी माझ्याकडं असं बघितलं, की माझी वाचा खरंच बसली.

आत गेलो तर काय? काशिनाथ मागच्या दारानं येऊन कामाला लागलेला! दोन दिवस मला न सापडलेला बिघाड त्यानं काढला होता. इंजिन सुरू!

"हाही बोलत न्हाय, ऐकत न्हाय," शेठ म्हणाले.

रावसाहेब भारावले. "असे चौघं मी दारातूनच परत पाठवले हो. उद्याच बोलावतो कामाला!"

आता तुम्हीच सांगा, तोंड उघडून चौघांच्या पोटावर पाय कसा देऊ? गप्प राहिलो. तासभर! आमच्या घरी कळलं असतं तर वैद्य बोलावला असता.

निघताना रावसाहेब म्हणाले, "शेठ, हा मुकादम मला द्या. दुप्पट पगार, राहायला घर."

"व्हय जी!" मी ओरडलो.

काशिनाथ सोडून सगळे दचकले!

मग काय, सगळं खरं सांगितलं. हसून हसून रावसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्या चौघांना बोलावणार ते बोलावणारच. पण आता हा नको. काशिनाथ द्या."

"काशिनाथ न्हाय मिळायचा," शेठ म्हणाले. "हा मात्र फुकट घेऊन जावा!"