पुलावरचे अभयपत्र

बोगुमिला वोल्स्का आमच्या गावच्या न्यायालयात फौजदारी विभागाची दफ्तरप्रमुख होती. गाव सीमेवरचे, पूल ओलांडला की जर्मनी. युरोपीय अटक वॉरंटांचे कागद तिच्या टेबलावर तयार होत, आणि एकतीस वर्षांत तिचा एकही कागद चूक निघून परत आला नव्हता. गुन्हा क्षुल्लक आहे म्हणून सोडून देण्याची मुभा आमचा कायदा देत नाही. त्यामुळे अख्ख्या खंडाच्या पोलिसांना कामाला लावणारी ही वॉरंटे कधी शिडीचोरासाठी निघत, कधी बदकचोरासाठी. एकदा एका डच सरकारी वकिलाने अत्यंत विनयाने विचारले, की आरोपीची सायकल मोटारीवर चालणारी होती काय. बाईने तितक्याच विनयाने कळवले, की नव्हती. पायडलची होती, आणि तिचा मागचा दिवाही लागत नव्हता.

ती सायकल झेनोन कुरेकची. दारू पिऊन चालवल्याबद्दल त्याच्यावर सायकलबंदी लादलेली होती, आणि बंदी चालू असताना तो पाव आणायला बेकरीपर्यंत सायकलवरून गेला. त्या दिवशी तो पूर्ण शुद्धीत होता. कायद्याच्या दृष्टीने त्याने फरक पडत नव्हता. खटला उभा राहण्याआधीच तो हॉलंडला टोमॅटोच्या काचघरांत कामाला गेला, तारखेला आला नाही, आणि अशा रीतीने सव्वीस देशांच्या पोलिसांना हवा असलेला माणूस झाला.

पुढे त्याच्या मुलीचे, कलिनाचे, लग्न शनिवारी ठरले. परदेशातल्या आरोपीने 'खटल्याला हजर होतो, तोवर मला मोकळे ठेवा' असा अर्ज केला, तर न्यायालय अभयपत्र देऊ शकते, हे त्याला कोणीतरी सांगितले. झेनोनने अर्ज सुवाच्य लिहिला. मग टपालाचा भरवसा नाही, हाती पोच मिळालेली बरी, असा आमच्याकडचा सार्वत्रिक विवेक करून तो सोमवारी स्वतःच अर्ज घेऊन बाईच्या खिडकीपुढे रांगेत उभा राहिला.

'सध्याचा मुक्काम : हॉलंड' ही ओळ बाईने दोनदा वाचली.

"हा अर्ज परदेशातल्या माणसाचा आहे," ती म्हणाली.

"हो बाई, माझाच."

"म्हणजे तुम्ही परदेशात आहात."

झेनोनने दारातल्या पोलिसाकडे चोरून पाहिले. "आहे की. आत्ता जरा इकडं आलोय, एवढंच."

पोलिसाला हाक मारणे हे आपले कर्तव्य होते, असे बाई पुढे स्वतःच कबूल करी. पण बेकरीपर्यंतच्या फेरीसाठी बापाने मुलीच्या लग्नाला मुकावे, हे तिला कोणत्याच कलमात सापडेना. तिने अर्ज परत सरकवला.

"तुमचं ओळखपत्र मी मागितलेलं नाही, तेव्हा तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही. ज्याचा अर्ज आहे त्याला सांगा, पूल ओलांड आणि जर्मनीतल्या टपालात टाक. उत्तर येईस्तोवर तिकडंच राहा म्हणावं. पुन्हा इथं दिसला, तर मात्र मी हाक मारीन."

"पण बाई, तिकडच्या पोलिसांनाही मी हवाच आहे की."

"तुम्ही सगळ्यांनाच हवे आहात. निघा आता."

पूल ओलांडायला झेनोनला पाच मिनिटे लागली. पहारा उठून वर्षे झाली होती. त्याच पुलावरून यायला अर्जाला तीन दिवस लागले, कारण जर्मन टपाल आधी दूरच्या शहरात छाननीला जाते. माणसांपुढची सीमा राज्यकर्त्यांनी पुसली. कागदांपुढची तशीच ठेवली. शुक्रवारी दुपारी न्यायाधीशांनी अभयपत्रावर सही केली. टपालाने गेले असते तर ते लग्न उरकल्यावर पोचले असते.

बाईने अर्जावरच्या नंबरला फोन केला, पोचवही काखेत घेतली आणि पुलाच्या मधोमध, सीमेच्या पट्टीपाशी जाऊन थांबली. पलीकडे तिला अधिकार नव्हता. कागद हाती पडेपर्यंत अलीकडे त्याला अभय नव्हते.

"आणखी एक पाऊल या की बाई," झेनोन म्हणाला. "कोण बघतंय?"

"मी बघतेय. आधी सही करा."

हात लांब करून तिने वही पलीकडे धरली. सही झाल्यावर अटी वाचून दाखवल्या : तारखेला हजर राहायचे, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही. तो टोपी काढून ऐकत होता. मग तिने अभयपत्र त्याच्या हाती दिले. आरोपीच्या जोडीने चालणे बरे दिसत नाही, म्हणून मी टोकाला पोचेपर्यंत इथेच थांबा, असे तिने बजावले आणि नेहमीच्या सावकाश चालीने निघाली.

तो थांबला. कागद छातीशी धरून त्याने घरी फोन लावला.

"कलिना," तो म्हणाला, "चर्चला निघायच्या आधी आशीर्वाद द्यायला उद्या मी घरी आहे."